हौशी वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी देणग्या कशा उभ्या करायच्या: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींसाठी

चार आवाजांत गाणारे तीस-चाळीस गळे आणि साथीला व्हायोलिन, चेलो, बासरी, कीबोर्ड असा हौशी संच उभा करायला आपल्या भागात माणसं कमी पडत नाहीत. टिळकवाडी, शहापूर, कॅम्प, अनगोळ इथे गाणारी घरं आहेत, चर्चच्या गायकवृंदात तयार झालेले आवाज आहेत, भजनी मंडळात पक्क्या झालेल्या ताना आहेत. गाडी अडते ती पैशापाशी. पहिल्या मैफिलीचा खर्च चार जण खिशातून भरतात, दुसऱ्या वेळीही भरतात, तिसऱ्या वेळी सराव बंद पडतो. त्या चौघांवरचा भार गावाने उचलावा यासाठी काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. पावतीपुस्तक तयार नसताना मागायला निघालात, तर मिळालेले पैसेही अडचण होऊन बसतात.

१. आधी संस्था नोंदवा

कर्नाटकात सांस्कृतिक मंडळाची नोंदणी ‘कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६०’खाली होते. किमान सात सज्ञान सभासद लागतात. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे जातो. इथे पहिली चूक हमखास होते. कोल्हापूर, चंदगड किंवा गडहिंग्लजच्या नातेवाइकाकडून घटनेचा नमुना मागवला जातो आणि त्यात ‘धर्मादाय आयुक्त’ हा शब्द तसाच राहतो. ती महाराष्ट्राची व्यवस्था आहे, आपल्याकडे चालत नाही. नमुना इथल्याच एखाद्या नोंदणीकृत मंडळाकडून घ्या.

घटनेत तीन वाक्यं असलीच पाहिजेत. संस्थेच्या उत्पन्नातून सभासदांना नफा वाटला जाणार नाही. संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता अशाच उद्देशाच्या दुसऱ्या धर्मादाय संस्थेला जाईल. सभासदत्व जात, धर्म, भाषा न पाहता सर्वांना खुलं राहील. तिसरं वाक्य शोभेचं नाही. एकाच धर्माच्या किंवा जातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराचा कर वाचवणारी आयकराची नोंदणी, मिळत नाही. वृंद चर्चमध्ये स्तोत्रं गात असेल, मंदिरात अभंग गात असेल, तर खुशाल गावं. पण उद्देशाच्या कलमात ‘संगीताचं शिक्षण व प्रसार’ असं लिहा, ‘धार्मिक गायन’ असं लिहू नका.

लागणारी कागदपत्रं:
- संस्थेची घटना आणि नियमावली, प्रत्येक पानावर सह्या
- सात सभासदांची आधार आणि पॅन कार्डं, फोटो
- कार्यालयाच्या जागेचं हेस्कॉमचं ताजं वीजबिल आणि घरमालकाचं ना हरकत पत्र
- पहिल्या सभेचा ठराव: पदाधिकारी कोण, बँकेत सही कोणाची

दरवर्षी वार्षिक सभा झाली की १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी आणि हिशोब निबंधकांकडे द्यायचा. दोन-तीन वर्षं हे राहून गेलं की दंड भरून सगळं एकदम निस्तरावं लागतं, आणि नेमकं त्याच वेळी एखादा मोठा देणगीदार ‘नूतनीकरणाचा कागद दाखवा’ म्हणतो.

२. नाव सगळीकडे एकाच अक्षरांत

हे वेगळं सांगायचं कारण फक्त आपल्याच भागात आहे. १ नोव्हेंबर २०१४पासून शहराचं अधिकृत नाव ‘बेळगावी’ झालं. जुन्या कागदांवर इंग्रजीत वेगळं नाव, नव्यावर वेगळं. त्यात संस्थेचं नाव निबंधकांकडे कन्नडमध्ये, पॅनवर इंग्रजीत आणि फलकावर मराठीत. आडनावांचं तर विचारूच नका, कन्नडमधून इंग्रजीत जाताना एक अक्षर वाढतं नाहीतर गळतं. बँक खातं, पॅन आणि आयकर नोंदणी यांत एवढाही फरक चालत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर जे इंग्रजी नाव छापून आलं, तेच अक्षरासकट पॅनवर, तेच बँकेत, तेच शिक्क्यावर. नाव निवडतानाच तिन्ही लिप्यांत लिहून बघा. लांबलचक नाव टाळा, चेक लिहिणारा माणूस अर्धंच लिहितो.

खातं संस्थेच्या नावाने, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीने चालणारं असावं. एका माणसाच्या सहीवर चालणारं खातं कधीच उघडू नका, माणूस कितीही सज्जन असला तरी. तो आजारी पडला तर सभागृहाचं भाडं अडतं.

३. आयकराची नोंदणी: १२ए आणि ८०जी

लोक अजून याच नावांनी बोलतात म्हणून इथेही तीच वापरली आहेत. हे क्रमांक १९६१च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमं व फॉर्म यांचे क्रमांक बदलतात. म्हणून अर्ज भरताना सी.ए.कडून चालू क्रमांक विचारून घ्या.

१२एमुळे संस्थेच्या उत्पन्नावरचा कर वाचतो, ८०जीमुळे देणगीदाराचा. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. नियमित नोंदणीचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तेव्हा करायचा. मंडळी ‘तीन वर्षं आहेत की’ म्हणून निवांत बसतात. पण पहिली मैफल झाली की काम सुरू झालं आणि सहा महिने मोजायला लागले. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

देणगीदाराला खरं तेच सांगा. ‘पूर्ण करमाफी’ म्हणू नका. वजावट देणगीच्या ५० टक्के मिळते आणि तीही त्याच्या उत्पन्नाशी जोडलेल्या मर्यादेत. जुन्या करपद्धतीतल्या, ३० टक्के कर भरणाऱ्या माणसाने १०,००० रुपये दिले, तर ५,०००ची वजावट मिळून उपकरासह सुमारे १,५६० रुपये वाचतात. नवी करपद्धती निवडलेल्याला काहीच वाचत नाही. रोख २,०००च्या वर दिले तर वजावट नाही. वस्तू दिली, म्हणजे कीबोर्ड, खुर्च्या, जुना चेलो, तरीही नाही. वस्तूसाठी आभारपत्र द्या आणि ती साठा नोंदवहीत चढवा.

४. वर्षाचा खर्च एका पानावर मांडा

‘संगीतासाठी मदत करा’ असं म्हटलं की शंभराची नोट निघते. ‘चेलोच्या तारांचा संच’ म्हटलं की माणूस विचारतो, केवढ्याला येतो? तिथून देणगी सुरू होते. म्हणून खर्च वस्तूंत मांडा. ४० गायक आणि १४ वादक, वर्षाला दोन मैफिली, असं धरून एक नमुना देतो. आकडे तुमच्या गावच्या भावाने बदला.

सरावाची जागा आणि वीज, महिना २,०००प्रमाणे २४,०००. मार्गदर्शकाचं मानधन, महिना ६,०००प्रमाणे ७२,०००. स्वरलेखनाच्या ५४ प्रती फायलींसह, २५०प्रमाणे १३,५००. तारा, रोझिन (गजाला लावायची राळ), दुरुस्ती २०,०००. सभागृह, ध्वनी, प्रकाश, ३५,०००प्रमाणे दोनदा ७०,०००. प्रवास आणि नाश्ता १८,०००. सी.ए., छपाई, टपाल १५,०००. बेरीज २,३२,५००. त्यावर अडीअडचणीला दहा टक्के धरले की २,५५,७५० रुपये.

दुरुस्तीची रक्कम कापू नका. खानापूर-बेळगावच्या पावसात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात, सांध्यांचा सरस सुटतो, गजाचे केस ओलावा धरतात. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सुटून तार उतरते. व्हायोलिनच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर बराच त्रास वाचतो. व्हायोलिनची सर्वांत बारीक तार सगळ्यांत जास्त तुटते, ती दर वादकामागे दोन जास्त घेऊन ठेवा. साथीला जुनी हार्मोनियम घेणार असाल तर तिचा स्वर आधी ट्यूनरवर तपासा. ती ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या पाश्चात्त्य स्वराला जुळत नसेल तर बासरी आणि कीबोर्ड तिच्याशी सहज जुळणार नाहीत आणि ती लावून घेण्याचा खर्च वेगळा धरावा लागेल. तंबोऱ्याचं काम असेल तर मिरजेला न्या. ही सगळी माहिती देणगीदाराला सांगण्यासारखी आहे. तुटलेली तार आणि नवी तार शेजारी ठेवून दाखवली की जास्त बोलावं लागत नाही.

५. नावांची यादी, आकड्यांसकट

वरची रक्कम अशी फोडा: ५१,०००चा एक, ११,०००चे चार, ५,०००चे बारा, १,००१चे साठ, ५०१चे ऐंशी. बेरीज २,५५,१४०, म्हणजे लक्ष्याच्या काठावर. देणगीदार झाले १५७. तिघांना विचारलं तर एक देईल असं धरून चाला, म्हणजे साधारण ४७० नावं हवीत. ५४ सभासदांनी नऊ-नऊ नावं लिहिली की यादी पुरी.

यादी सरावाच्या दिवशी, सगळ्यांसमोर, कागदावर करा. ‘घरी जाऊन लिहून पाठवतो’ म्हणणारे पाठवत नाहीत. एकाच दुकानदाराचं नाव पाच जणांच्या यादीत येईल, तिथे कोण जाणार ते तिथल्या तिथे ठरवा. एकाच वृंदातून तिघे वेगवेगळे गेले की तो माणूस तिघांनाही परत पाठवतो, आणि त्याचं चुकत नाही.

सुरुवात सभासदांपासून. प्रत्येकाने आधी स्वतःची पावती फाडावी, १०१ची का असेना. ‘तुमच्यापैकी किती जणांनी दिले?’ हा प्रश्न येतोच, आणि ‘सगळ्यांनी’ या उत्तराइतकं वजनदार दुसरं काही नसतं.

६. वेळ साधा

आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी, नवरात्र, गल्लीतल्या मंदिराचा जीर्णोद्धार, शिवजयंतीचे चित्ररथ, असं वर्षभर कोणी ना कोणी दारात असतं. वर्गणी आणि देणगी यांतला फरक तुम्हीच ठेवायचा आहे. गणपतीच्या आधीचा महिना सोडून द्या. जूनमध्ये शाळांची फी असते. दिवाळीनंतरचे पंधरा दिवस ते जानेवारीअखेर हा चांगला काळ. चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसाची बिलं हातात येण्याची वाट पाहा. नोकरदार आणि व्यापारी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात करासाठी पावती शोधतात, तेव्हा पुन्हा एकदा आठवण द्या. ३१ मार्चच्या रात्री आलेला चेक त्या वर्षात धरायचा की नाही यावर वाद होतात, म्हणून २५ तारखेनंतर चेक न मागता थेट खात्यात भरायला सांगा.

मैफिलीची तारीख ठरवताना डिसेंबरबद्दल सावध राहा. नाताळ म्हणून गायकवृंदांना तो महिना हवासा वाटतो. पण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत, पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि परवानगीचा कागद टेबलावर पडून राहतो. १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, आणि त्याच्या आगेमागेचे दिवसही टाळा. पत्रात, फलकावर, भाषणात सीमावादाचा शब्द येऊ देऊ नका. वृंदात मराठी, कन्नड, कोंकणी, उर्दू बोलणारे शेजारी शेजारी उभे राहतात, आणि देणगीदारही चारही घरांतले असतात.

७. भेटीला जाताना

दोघे जा, एक गाणारा आणि एक हिशोब सांगणारा. बाजारपेठेत बोहनीच्या वेळी जाऊ नका, दुपारी तीन-साडेतीनला गिऱ्हाईक कमी असतं. सोबत एक पानी खर्चाचा कागद, नोंदणी आणि ८०जी प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, पावतीपुस्तक आणि फोनवर दोन मिनिटांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण. पाच मिनिटांचं नको, दोनच.

बोलणं असं असू द्या: “काका, आमचा चाळीस जणांचा वृंद आहे, दर रविवारी सराव असतो. येत्या जानेवारीत एक अभंग, एक कन्नड वचनगीत आणि एक चार आवाजांची युरोपीय रचना बसवतोय. वर्षाचा खर्च हा असा आहे. तुम्ही पाच हजार दिलेत तर वीस जणांच्या स्वरलेखनाच्या फायली होतात. पावती आत्ताच देतो.” आणि मग गप्प बसा. रक्कम सांगितल्यावर आपणच घाईघाईने ‘जमेल तेवढं द्या’ म्हणालो की पाच हजारांचे पाचशे होतात.

ओळख कन्नडभाषक घरी असेल तर कन्नड बोलणारा सभासद पुढे करा. देणगीला कन्नडमध्येही ‘देणिगे’च म्हणतात, पत्रकही दोन्ही भाषांत छापून घ्या. बाहेर फलक लावणार असाल तर कर्नाटकच्या नियमाने ६० टक्के मजकूर कन्नड हवा, आणि महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी हवी. छापून झाल्यावर हे कळलं तर फ्लेक्सचे पैसे पाण्यात.

८. पावती, क्यूआर आणि पेटी

पावतीवर अनुक्रमांक, तारीख, देणगीदाराचं पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, पैसे कसे आले, संस्थेचा पॅन आणि ८०जीचा क्रमांक. पुस्तक कार्बनचं, एक प्रत जागेवर राहणारी. खाडाखोड झाली तर पावती फाडून टाकू नका, दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवा.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे खजिनदाराच्या स्वतःच्या फोनवर पैसे घेणं. ‘खातं अजून उघडलं नाही, तोवर माझ्याकडे पाठवा’ म्हणून सुरू होतं. ते पैसे कागदोपत्री त्याचे ठरतात, देणगीदाराला ८०जी देता येत नाही आणि घरात भांडण होतं ते वेगळंच. क्यूआर फक्त संस्थेच्या खात्याचा.

क्यूआरवर आलेल्या पैशात बऱ्याचदा नुसतं अर्धवट नाव दिसतं. नाव-पत्ता नसलेली देणगी निनावी धरली जाते. वर्षभरात निनावी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांतल्या मोठ्या आकड्यापेक्षा जास्त झाली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. म्हणून क्यूआरच्या खाली छापा: “पैसे भरल्यावर नाव, पत्ता आणि पॅन या क्रमांकावर पाठवा, पावती त्याच दिवशी मिळेल.” आणि खरंच त्याच दिवशी द्या.

मैफिलीच्या दारातली पेटी चालते, पण ती निनावीतच जाते. पेटी एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे. मोजणी तिथेच, तीन जणांसमोर, नोटांचा तपशील लिहून तिघांच्या सह्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम बँकेत. त्यातून मांडववाल्याला परस्पर पैसे देऊ नका.

शिल्लक रक्कम जास्त व्याज मिळतं म्हणून क्रेडिट सोसायटीत ठेवायची सवय आपल्या भागात खोलवर आहे. १२ए घेतलेल्या संस्थेने ती मोडावी. ठेव बँकिंग परवाना असलेल्या बँकेत किंवा पोस्टात. कोणी ‘कायम निधी’साठी देत असेल तर तसं त्याच्या सहीचं पत्र घ्या, तोंडी चालत नाही.

९. परदेशी पासपोर्ट: इथे थांबा

गोव्याशी आपलं येणंजाणं रोजचं, आणि गाणाऱ्या घरांतले कित्येक जण पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन परदेशी गेले आहेत. प्रेमाने पैसे पाठवायला तयार असतात. पण परदेशी नागरिकाची देणगी ‘एफसीआरए’, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमनाच्या कायद्याखाली येते, ती रुपयांत दिली तरी, इथल्या बँकेतून दिली तरी. ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी तो नागरिक परदेशीच. एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना एक रुपयाही घेऊ नका. भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला किंवा मस्कतमधला माणूस मात्र आपल्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत पावतीला जोडून ठेवा. परदेशी नातेवाइकाला नम्रपणे ‘नाही’ सांगा आणि मैफिलीला बोलवा.

१०. तिकीट, जाहिरात आणि रचनांचे हक्क

तिकीट लावलं तर ५०० रुपयांपर्यंत प्रवेशमूल्यावर जीएसटी नाही. पण तिकीट ही देणगी नव्हे, त्यावर ८०जीची पावती देऊ नका. संगीतप्रसारासारख्या उद्देशाच्या संस्थेला तिकीट, जाहिरात असं व्यवसायासारखं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतं. त्यापलीकडे गेलं तर त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते.

स्मरणिकेतही रेघ ओढावी लागते. ‘आईच्या स्मरणार्थ, अमुक परिवार’ हे कृतज्ञतेचं नाव, ती देणगी. त्याच पानावर दुकानाचा फोन नंबर आणि ‘सर्व प्रकारचे पंप मिळतील’ आलं की ती जाहिरात. तिची पावती वेगळ्या पुस्तकातून.

आता हक्कांचं. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं की ती सूट जाते. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतात. अभंगाचे किंवा बाराव्या शतकातल्या वचनांचे शब्द सर्वांचे आहेत, पण आपण गातो ती चाल अनेकदा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते. तिकिटाच्या मैफिलीत एकतर परवाना घ्या, नाहीतर वृंदातल्याच कोणीतरी नवी चाल बांधावी. पहिली दोन वर्षं प्रवेश मोफत ठेवून देणग्यांवरच भर द्या. आपल्या गावांत ते जास्त चालतं, आणि माणूस ऐकून बाहेर पडताना मनापासून देतो.

उघड्या जागी कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी लागते आणि रात्री दहाला आवाज बंद.

११. कारखाने, सोसायट्या

उद्यमबागेतले कारखाने, साखर कारखाने, पतसंस्था यांच्याकडे वैयक्तिक ओळखीने जा, पण कागद औपचारिक ठेवा. सहकारी संस्था नफ्याच्या वाटपातून धर्मादाय रक्कम बाजूला काढतात. त्यांच्या वार्षिक सभेच्या आधी अर्ज पोचला पाहिजे, नंतर गेलात तर वर्षभर थांबा. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी हवा असेल तर संस्थेला तीन वर्षं पूर्ण, १२ए व ८०जी आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. पहिल्या वर्षी तिकडे वेळ घालवू नका.

१२. मैफल झाल्यावर

आठ दिवसांच्या आत प्रत्येक देणगीदाराला एक पान पाठवा: जमा किती, खर्च कशावर, शिल्लक किती, आणि एक फोटो ज्यात त्यांच्या पैशातून आलेली वस्तू दिसते. पाच हजारवाल्याला त्या वीस फायलींचा फोटो. खर्च अंदाजापेक्षा वाढला असेल तर तोही लिहा.

मग ३१ मेपर्यंत सगळ्या देणग्यांचं विवरण, १९६१च्या कायद्याच्या भाषेत १०बीडी, आयकर पोर्टलवर भरायचं आणि त्यातून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचं. हाताने फाडलेल्या पावतीवर वजावट मिळत नाही, या प्रमाणपत्रावर मिळते. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. एका पॅनमध्ये एक अक्षर चुकलं तर त्या माणसाची वजावट अडते, म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोघांनी बसून एकाने पावतीपुस्तकातून मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने संगणकावर ताडून पाहावं. १५७ नावांना एक संध्याकाळ लागते.